अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

१

ही गोष्ट खरी आहे. ज्या उजव्या हातानं ती लिहितो आहे त्या हाताची शपथ. आता मी डावखुरा आहे हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, पण शपथ घ्यायला उजवाच हात लागतो, त्याला माझा इलाज नाही. जे सांगतो आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे कारखान्याच्या स्टोअरात बसून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. आणि स्टोअराला खिडकी एकच, तीही कोळशाच्या ढिगाकडं उघडणारी. साल छप्पन्न. सत्तावन्न असेल.

चिंचवड स्टेशनजवळ आमचा वार्निशचा कारखाना. नाव सांगत नाही, माझी भाकरी तिथं आहे. तेल आणि राळ मोठ्या कढईत शिजायची, आणि उष्णता चार अंश वर गेली की सगळा घाणा काळा. म्हणून कढईला थर्मामीटर, आणि थर्मामीटरपुढं चिमाजी.

चिमाजी खेडकडचा. वय तिशीचं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. दर पंधरा मिनिटांनी पारा बघायचा आणि चौकड्यांच्या कागदावर एक ठिपका द्यायचा, हे त्याचं काम. रेघ मारायची नाही, नुसता ठिपका. पाळी संपताना तो कागद सोपानरावांच्या टेबलावर जायचा. हे आमचे ड्राफ्ट्समन. त्यांच्याकडं एक लवचिक पोलादी पट्टी होती. ती वाकवून ते सगळे ठिपके एका रेघेत ओवायचे आणि साहेबाला दाखवायचे, की कढई दिवसभर कशी वागली.

"ठिपका तुझा, चिमाजीराव. रेघ माझी," सोपानराव म्हणायचे. "तू पंधरा मिनिटांतून एकदा डोळा उघडणार. मधल्या वेळात कढईनं काय केलं ते मी ठरवणार."

"मधी काय करनार? शिजत आसंल."

"असेल म्हणालास ना? म्हणजे तूही रेघच मारलीस."

चिमाजी हसायचा आणि घड्याळाकडं बघायचा. दोन वर्षांत त्याचा एकही ठिपका चुकला नव्हता. एकदा विंचू चावला तर पाय वर धरून ठिपके दिले. हा विंचू मी पाहिलेला आहे.

२

पिंपरीगावात खातूनबीच्या चार खोल्या होत्या, त्यातल्या कडेच्या खोलीत चिमाजी आणि त्याची बायको शालन राहायची. श्रावणापासून शालन अंथरुणाला लागली. ताप यायचा, जायचा. हातापायांच्या काड्या झाल्या. गावच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, "पुण्याला मोठ्या दवाखान्यात खाट मिळवून देतो. पण नुसत्या 'ताप येतो' वर खाट मिळत नाही. ताप किती, केव्हा, आठ दिवस लिहून आण."

आता हे काम चिमाजीला सांगावं आणि त्यानं ते कमी करावं? त्यानं काचेचा थर्मामीटर विकत आणला, माझ्याकडून चौकड्यांचे कागद नेले, आणि सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा असे चार ठिपके धरले. दुपारच्या भोंग्याला सायकल काढायची, दहा मिनिटांत गाव, पारा झटकून खाली आणायचा, शालनच्या काखेत दोन मिनिटं, ठिपका, भाकरी, परत.

आठव्या दिवशी कागद डॉक्टरांपुढं ठेवला. बत्तीस ठिपके. बत्तीसही अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे, हिला ताप नाही."

"रोज येतो, डागदरसायेब. ती सांगती की."

"कागद काय सांगतो? आणि कागद तूच आणलास ना?"

घरी येऊन त्यानं शालनला विचारलं, तर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "तुमी आलाव की बरं वाटतं."

"आन गेल्यावर?"

तिनं गोधडी कानांवर ओढून घेतली. तिच्या तळव्यांवरनं गोधडी सरकली होती, ती तो नीट करायला गेला, आणि त्याला दिसलं की तिचे तळवे करडे झाले आहेत. त्यानं बोट फिरवलं. राख होती. मऊ, चाळल्यासारखी. पंधरा दिवस बाई जमिनीला पाय लावत नव्हती. खातूनबी तिला धरून बसवायची तेव्हा कुठं ती चहा घ्यायची. चूल तर खोलीच्या त्या टोकाला.

चुलीतली उडाली असेल, असं चिमाजीनं ठरवलं, आणि ओल्या फडक्यानं पाय पुसले. तळवे गार होते.

३

सोपानरावांनी कागद उजेडाकडं धरला. "ही माणसाची रेघ नव्हे, चिमाजीराव. ही फळीची रेघ आहे. धडधाकट माणूससुद्धा सकाळ-संध्याकाळ अर्धा-एक अंश वर-खाली होतो. पारा न बघताच ठिपके दिलेस का रे?"

"आईची आन. पारा बघूनच दिलेत."

सोपानरावांना त्याचा चेहरा पाहून थट्टा पुढं नेता येईना. ते त्याला मोटारीच्या खोलीत घेऊन गेले. तिथं नुकत्याच ट्यूबलाइट बसवल्या होत्या. मोटार घोंगावत होती, आणि तिच्या चार आऱ्यांची चाकी मात्र आळसावल्यासारखी हळूहळू उलटी फिरत होती.

"हात लावशील?"

"हळूच तर फिरतीय."

"लाव म्हणजे चार बोटं इथंच राहतील. ती सेकंदाला चोवीस फेरे घेते, आणि सुलट्या दिशेनं. हा दिवा सेकंदाला शंभर वेळा पेटतो आणि विझतो. पेटला की तुला दिसतं. तेवढ्यात एका आऱ्याच्या जागी दुसरा जवळजवळ येऊन पोचलेला असतो, तुला वाटतं तोच. तू बघतोस ते खरंच आहे, बाबा. तुझा एकेक ठिपका खरा. रेघ मात्र थापेबाज."

चिमाजी त्या चाकीकडं बघत राहिला. "मंग खरी रेघ कशी गावायची?"

"जे हलतंय त्याच्या फेऱ्याला दोनदापेक्षा जास्त वेळा बघायचं. मग ते निसटत नाही. बायकोचा ताप सहा तासांनी येऊन जात असेल आणि तूही सहा तासांनीच बघत असशील, तर तुला कायम एकच जागा दिसणार. जास्त वेळा बघ."

"किती जास्त?"

"ताप किती घाईनं येतो-जातो त्यावर आहे."

"ते कसं कळायचं?"

सोपानराव हसले. "बघून!" आणि मग त्यांचं त्यांनाच ते हसणं बरं वाटलं नाही. म्हणाले, "तीच तर अडचण आहे."

४

चिमाजीनं वेळ बदलून पाहिली. एक दिवस पोट दुखतंय म्हणून दहालाच निघाला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. एक दिवस तीनला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आपण आलो की काहीतरी होत असेल म्हणून त्यानं खातूनबीला पारा वाचायला शिकवलं. खातूनबी साठीची, जबर बाई, पण हे काम तिनं दोनच दिवस केलं.

"चिमाभाऊ, काच परत घ्या तुमची," ती म्हणाली. "आकडा तोच हाय. पन मला त्या खोलीत एकटीला पाठवू नका."

"का वं, खातूनबी?"

"माझी भिंत नि तुमची भिंत एक हाय. तुमी कामावर गेल्यावर त्या खोलीतून आवाज येत न्हाई."

"झोपत आसंल."

"झोपलेल्या माणसाचा पन आवाज असतो, भाऊ. माझा म्हातारा घोरतो, पोरं कूस बदलतात, बांगडी वाजते. तिथं काहीच न्हाई. रिकाम्या घराचा आवाज मला कळतो, मी भाड्यानं खोल्या देते. आन तुमची सायकल मशिदीच्या कोपऱ्यावर वळली ना, की मग कन्हनं सुरू होतं. धापा टाकत. जसं कुनी पळत येऊन पडलंय."

"तुमी दार उघडून बघितलं का?"

"बघितलं. दार उघडलं की हाय ती." खातूनबीनं पदर तोंडाला लावला. "दार उघडलं की हायच."

तो आत गेला. शालन गोधडीखाली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यानं काखेत थर्मामीटर ठेवला, दोन मिनिटं मोजली आणि पाहिला. आकडा सांगायला नको. मग त्यानं गोधडी पायाकडून उचलली. राख घोट्यापर्यंत आली होती.

५

दसऱ्याच्या आदल्या सोमवारी चिमाजीच्या हातून दोन वर्षांतली पहिली चूक झाली. दुपारी शालनच्या काखेत थर्मामीटर ठेवला, आणि तेवढ्यात कारखान्याचा परतीचा भोंगा झाला. त्या दिवशी नवा घाणा चढायचा होता. तो तसाच उठून सायकलवर बसला, आणि कढईपुढं उभं राहून खिशात हात घातला तेव्हा त्याला आठवलं की थर्मामीटर तिच्यापाशीच राहिला.

या थर्मामीटरची एक खोड तुम्हाला माहीत असेल. पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे आपण नसताना जेवढं वर जाऊन आलं, तेवढं तो मुकाट्यानं धरून ठेवतो.

संध्याकाळी सहाला चिमाजी खोलीत आला. शालन जागी होती. कपाळ गार. त्यानं काखेतून काच काढली आणि दिव्याजवळ नेली. पारा कुठं थांबला आहे ते त्याला सापडेना. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. आकडे एकशे दहाला संपतात; पारा ते ओलांडून वर, काचेच्या शेंड्याला जाऊन थटला होता, आणि शेंड्याला केसासारखी चीर गेली होती.

तो दिव्यापाशी बराच वेळ उभा राहिला. ऊन लागलं असेल? खोलीला खिडकी उत्तरेची. चहाचा पेला लवंडला असेल? अंथरूण कोरडं. काच खराब निघाली असेल? हे बरं होतं. त्यानं हेच धरलं. दुसऱ्या दिवशी चिंचवडहून नवीन थर्मामीटर आणला, आणि मुद्दाम तिच्या काखेत ठेवून कामावर गेला.

संध्याकाळी दोन थर्मामीटर शेजारी शेजारी ठेवले तर नवा कुठला आणि जुना कुठला हे ओळखता येत नव्हतं.

"शालन," तो म्हणाला. "मी नसतो तवा तू कुटं आसतीस?"

शालननं त्याच्याकडं पाहिलं. चुकलेल्या पोराला किती रागवावं ते न समजलेली आई बघते, तशा नजरेनं.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "भाकरी गार व्हती."

६

त्यानं तिसरा थर्मामीटर आणला आणि रजा टाकली. साहेब म्हणाला पगार कापीन, तर म्हणाला कापा. माझ्याकडं आला आणि एकदम शंभर कागद मागितले. मी विचारलं, "चिमाजीराव, एवढं काय मोजताय?" तर म्हणाला, "गाठायचंय." एवढंच.

सोपानरावांचा नियम त्याच्या डोक्यात घट्ट बसला होता. निसटतंय, म्हणजे आपण कमी बघतोय. तर त्यानं तासाला बघितलं. मग अर्ध्या तासाला. मग कढईसारखं पंधरा मिनिटांनी. मधल्या वेळात तो दाराबाहेर ओट्यावर बसायचा, कारण खोलीत बसून राहिलं तर ती असायचीच. त्याला तर ती नसतानाची रेघ हवी होती. घड्याळ मांडीवर. वेळ झाली की दार लोटायचा. प्रत्येक वेळी ती होती. प्रत्येक ठिपका एका ओळीत.

पण एक गोष्ट कागदावर येत नव्हती. तो जितक्या वेळा आत जायचा, तितकी ती वाळत चालली. तासाचे ठिपके होते तेव्हा बोलायची. अर्ध्या तासाला नुसती मान हलवायची. पंधरा मिनिटांवर आल्यापासून तिची धाप उतरेना. एक उतरायच्या आत दुसरी चढायची. राख पिंढऱ्यांपर्यंत. केसांच्या टोकांना जळकट वास.

चौथ्या दिवशी त्यानं पाच मिनिटांचं धरलं. त्या दुपारी तो आत गेला तर शालनचं तोंड उघडं होतं आणि जीभ कोरडी पडली होती. त्यानं चमच्यानं पाणी घातलं. तिनं त्याचं मनगट धरलं. धरायची ताकद कुठून आणली कुणास ठाऊक.

"किती डाव बोलवताव वं," ती म्हणाली.

"मी कुटं बोलावलं? मी तर निस्तं बघतोय."

"त्येच की." तिनं डोळे मिटले. "तुमी दाराला हात लावला की मला याया लागतं. लई लांबनं येती मी. पयलं मधी वाईच दम खायला मिळायचा."

चिमाजीनं चमचा खाली ठेवला.

"येकडाव," शालन म्हणाली, "येकडाव न बघता ऱ्हावा."

७

तुमच्या-माझ्यासारखा माणूस इथं उठून पळाला असता. चिमाजीनं उलटं केलं. बघितलं की ती येते, हे खरं ना? मग बघणं थांबवायचंच नाही. ठिपके नकोतच. सलग बघायचं, म्हणजे तिला जाणंही नाही आणि येणंही नाही. खातूनबीला दारातून सांगितलं, मला हाक मारू नका. दार आतून लावलं, अंथरुणापुढं मांडी घातली, थर्मामीटर काखेत दिला आणि शालनच्या तोंडावर नजर लावली. पाचव्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजले होते. बाहेर कुणीतरी गोधड्या धोपटत होतं.

पहिल्या दोन मिनिटांतच त्याला समजलं, की माणसाचा डोळा मिटतो.

मिटतो आणि उघडतो. दर चार-पाच श्वासांना एकदा. म्हणजे हेही ठिपकेच. आणि प्रत्येक पापणीला शालनची धाप एक पायरी वर चढत होती, कारण आता तिला पाच मिनिटंही नव्हती. जायचं आणि यायचं सगळं पापणीच्या आत.

तेव्हा त्यानं जे केलं ते फक्त चिमाजीच करू जाणे. तो एकेक डोळा मिटायला लागला. आधी डावा, उजवा उघडा. मग उजवा, डावा उघडा. पहिल्यांदा जमेना, तोंड वाकडं व्हायचं. मग जमलं. तासभर असं चाललं. शालनची धाप उतरत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास सावकाश झाला, आणि चिमाजीला वाटलं, गाठलं. धरली.

बाहेरचं धोपटणं थांबलं. खोलीत आवाज राहिला नाही. त्याला खातूनबीचं बोलणं आठवलं, रिकाम्या घराचा आवाज मला कळतो म्हणून. आणि तो दचकला. दचकताना डाव्या डोळ्यावरून उजव्यावर जाण्याचा ताल चुकला. डावा पुरता मिटलेला नव्हता, उजवा पुरता उघडलेला नव्हता.

त्या फटीतून त्याला दिसलं ते एवढंच. गोधडी जमिनीला सपाट पडली होती. उशीवर डोक्याचा खळगा होता, आणि त्यातला कापूस हळूहळू वर फुगत होता, जसा डोकं उचलल्यावर फुगतो. गोधडीवर थर्मामीटर, आणि त्यातली पाऱ्याची तार वर धावत होती. उशीच्या मागं जिथं भिंत असायला हवी तिथं उजेड होता, तांबडा, हलणारा. त्या उजेडातून कुणीतरी अनवाणी, धडपडत, त्याच्याकडं पळत येत होतं.

दोन्ही डोळे उघडले. शालन उशीवर होती. ओठ फुटले होते. एका गालावर करडा पट्टा.

"बगितलंत?" ती म्हणाली. तिला रडायलाही दम उरला नव्हता.

८

चिमाजी उठला. कागद गोळा केले, थर्मामीटर झटकला आणि खिशात ठेवला. बाहेर येऊन त्यानं दार ओढून घेतलं आणि ओट्यावर दाराकडं पाठ करून बसला. घड्याळ काढून खातूनबीच्या हातात दिलं. म्हणाला, "ह्ये तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

बाराचा भोंगा झाला. त्याचे खांदे हलले, पण तो वळला नाही. खातूनबी त्याच्या शेजारी येऊन बसली. आत थोडा वेळ काहीतरी वाजलं, बांगडीसारखं. मग तेही थांबलं. पाचचा भोंगा झाला तरी दोघं बसून होती. अंधार पडायच्या आधी खातूनबी एकटी उठून आत गेली आणि बाहेर आली. "झोपली," ती म्हणाली. "गप झोपलीय, भाऊ. दम न्हाई लागलेला." त्या झोपेतच ती गेली, आणि पवना नदीच्या काठी शालनबाईला एकदाच, शेवटचं नेलं.

तर अशी गोष्ट. शपथ घेतली होती ती आता मोकळी करतो. राख खरी, पारा खरा, चाकी आमच्या मोटारीच्या खोलीत अजून उलटी फिरते, कधी आलात तर दाखवतो. विंचू मी पाहिला नव्हता. आणि या आठव्या भागात बाराच्या भोंग्यानंतर जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खरं नाही. ते मी रचलं. तुम्हाला झोप लागावी म्हणून म्हणा, मला लागावी म्हणून म्हणा.

चिमाजी ओट्यावर बसला होता हे खरं. पाठ करून बसला होता हेही खरं. भोंगा झाला, आणि त्यानं वळून दाराला हात लावला.

तो अजून लावतो. कामावरून त्याचं नाव कमी झालं. खातूनबीनं शेजारची खोली रिकामी ठेवली आहे, तिथं कुणी टिकत नाही. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो माझ्या खिडकीशी येतो, भरलेले कागद दाखवतो, की मी दिलेले वाया जात नाहीत. एकामागं एक ठिपके, मुंगीला चालायला जागा नाही इतके जवळ, आणि सगळे एका ओळीत. मधली रेघ त्यानं कधीच मारलेली नसते.

"आजून हाय," तो म्हणतो. "बघा की. हायच."

कोरे कागद माझ्याकडं असतात. संपले म्हणून सांगायला एक वाक्य पुरेल, आणि खोटं बोलायला मी काही लाजणारा माणूस नाही. पण तो खिडकीत उभा असतो, एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून. मी मोजतो आणि देतो.